हॉटेलच्या तपासणीचा निकाल कुठे बघायला मिळतो? अर्जंट मदत हवी आहे

मुंजीची_गडबड
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. एका हॉटेलवर दोन महिन्यांपूर्वी फूड खात्याची माणसं आली होती, पेपरात फोटोसकट आलं होतं. त्यांनी आत काय बघितलं, हॉटेल पास झालं की नापास, हे आपल्यासारख्यांना कुठे कळतं? सरकारी साइटवर काल रात्री दोन तास घालवले, नुसतं लॉगिन मागत राहिली. हॉटेलात विचारलं तर मॅनेजर म्हणतो मॅडम सब ठीक है. ठीक आहे तर कागद दाखवा ना! २२ तारखेच्या आत हवंय. कृपा करून कोणी नुसतं गूगल करा म्हणू नका, ते करून झालंय.

मांडवीकर
ताई, महापालिकेच्या खोराक शाखेत जा, फूड सेफ्टी ऑफिसर तिथेच बसतात. मी न्यायमंदिराजवळच्या एका फरसाणवाल्याबद्दल तिथेच तक्रार दिली होती, माणसं चौथ्या दिवशी आली. कागद हवे असतील तर आरटीआय टाका, फी २० रुपये.

राजेंद्रनगरकर
मांडवीकर दादा, त्यांनी शहर सांगितलंय कुठे? तुम्ही बडोदं धरून चाललात. गुजरातमध्ये मोठ्या शहरांत ते काम महापालिका बघते, सगळीकडे तसं नसतं.
ताई, गाव कोणतं? त्या दिवशी नमुने नेले की नुसती पाहणी केली? हॉटेलचा परवाना नंबर आहे का? आणि २२ ला काय आहे?

मुंजीची_गडबड
इंदूर हो, प्रोफाइलमध्ये लिहिलंय की. २२ ला मुलाची मुंज आहे, त्याच हॉटेलचा वरचा हॉल घेतलाय, १४० पानं, २५ हजार ॲडव्हान्स देऊन बसलोय. पेपरातली बातमी बुकिंग झाल्यावर नणंदेने पाठवली. नमुन्यांचं माहीत नाही, फोटोत एक माणूस डब्यात काहीतरी भरताना दिसतोय. परवाना नंबर कुठला?

राजेंद्रनगरकर
मग नगर निगमात अजिबात जाऊ नका, तिथून परत पाठवतील. आपल्याकडे मध्य प्रदेशात हे काम खाद्य एवं औषधि प्रशासनाचं, आणि जिल्ह्याच्या अभिहित अधिकाऱ्याचं, म्हणजे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याचं.
नंबर म्हणजे एफएसएसएआयचा, केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणं सक्तीचं आहे, बुकिंगची पावती काढून बघा. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन, पुढचे दोन राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. त्यांच्या फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर एफबीओ सर्च आहे, म्हणजे खाद्य व्यावसायिकाचा शोध, त्याला लॉगिन लागत नाही. तिथे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की निलंबित एवढं दिसतं. तपासणीचा रिपोर्ट तिथे दिसत नाही, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

पोहेप्रेमी
इंदूरबद्दल काळजी कशाला करताय ताई. आपलं शहर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलंय, आपल्या छप्पन दुकान खाऊगल्लीला क्लीन स्ट्रीट फूड हबचा मान मिळालाय. मी तीस वर्षं बाहेर पोहे खातोय, कधी पोट बिघडलं नाही.

राजेंद्रनगरकर
भिया, तो मान छप्पनचा आहे, तिथल्या दुकानांची पाहणी होऊन मिळालेला. त्यावरून दुसऱ्या टोकाच्या हॉटेलचं किचन कसं कळणार? रस्ता झाडलेला असला म्हणजे फ्रीज झाडलेला असतो असं नाही.

जुना_केमिस्ट
नमुने नेले का हा प्रश्न बरोबर विचारलात. मी बरीच वर्षं एका खाजगी फूड लॅबमध्ये होतो म्हणून सांगतो, लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि पेपरवालेही तसंच छापतात.
नमुना म्हणजे पनीर, तूप, मसाला, जे उचललं ते. त्याचे चार भाग करतात, एक फूड ॲनालिस्टकडे, दोन अभिहित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा हॉटेलवाल्याने मागणी केली तर मान्यताप्राप्त लॅबकडे. कायद्याने रिपोर्ट १४ दिवसांत यायला हवा. पनीरमध्ये फॅट कमी निघालं तर तो 'अवमानक', म्हणजे मालाचा दर्जा कमी. अशी प्रकरणं अपर कलेक्टरांसमोर चालतात, ५ लाखांपर्यंत दंड. पण त्या रिपोर्टात किचनमध्ये झुरळं होती की नव्हती याचा एक शब्द नसतो. नमुना पास झालेलं हॉटेल घाणेरडं असू शकतं आणि नापास झालेल्याचं किचन लखलखीत असू शकतं, डेअरीवाल्यानेच त्याला फसवलेलं असतं.
तुम्हाला हवा आहे तो तपासणीचा रिपोर्ट. त्याची चेकलिस्ट असते, प्रत्येक मुद्द्याला गुण. पाणी पिण्यायोग्य आहे का, शिजवलेलं अन्न ६५ अंशांच्या वर ठेवतात का, थंड ५ च्या खाली, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, कामगारांचे मेडिकल सर्टिफिकेट, तळणाचं तेल किती वेळा वापरतात. काही मुद्द्यांवर चांदणी असते, ते चुकले तर बाकी गुण कितीही असोत, नापासच. हा कागद सरकारकडे असतो, हॉटेलकडे असतो, फक्त गिऱ्हाइकाकडे नसतो. मला हे आयुष्यभर खटकत आलंय.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे मुरैना-भिंडच्या नकली माव्याने जीव नकोसा केलाय, दिवाळीत दर वर्षी तेच. या सगळ्या कागदांच्या मागे लागू नका, सरळ १८१ लावा, मुख्यमंत्री हेल्पलाइन. तक्रार एल-वन पासून एल-फोर पर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्यापासून वरच्यापर्यंत, चढत जाते, वरून फोन आला की खालचा माणूस पळतो. नाहीतर मंगळवारी जनसुनवाईत कलेक्टरसमोर उभं राहायचं. माझं पेन्शनचं काम असंच झालं, दीड वर्ष अडकलं होतं, ऑफिसातला बाबू रोज नवीन कागद मागायचा.

राजेंद्रनगरकर
लष्करवाला काका, १८१ तक्रारीसाठी आहे. ताईंना तक्रार नाही करायची, त्यांना झालेल्या तपासणीचा कागद हवाय. तक्रार टाकली तर उत्तर येणार 'जांच की गई, कार्यवाही प्रचलित' आणि तक्रार बंद.

लष्करवाला
बंद होत नाही, तुम्ही संतुष्ट नाही म्हणून सांगायचं. मी चार वेळा सांगितलं.

टोरांटोचा_इंदूरी
इथे टोरांटोत प्रत्येक हॉटेलच्या दारावर डाइनसेफचं, म्हणजे शहराच्या तपासणी योजनेचं, कार्ड असतं, २००१ पासून. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे सशर्त पास, लाल म्हणजे बंद. साइटवर हॉटेलचं नाव टाकलं की काय चुकलं ते ओळीने दिसतं. पिवळं मिळालं की एक-दोन दिवसांत परत तपासणी होते. आई इथे आली होती तेव्हा दार उघडायच्या आधी ती कार्ड वाचायची. आपल्याकडे एवढी साधी गोष्ट का होत नाही हे मला कळत नाही, तपासणी तर होतेच आहे, कागदही बनतो.

खानावळवाल्याची_लेक
मी दुसरी बाजू सांगते, राग मानू नका. माझ्या वडिलांची छोटी खानावळ होती. एकदा पथक आलं तेव्हा नेमका ड्रेनेज तुंबलेला, गल्लीतली लाइनच फुटली होती. दुसऱ्या दिवशी फोटो आला, त्यात ना लाइनचा उल्लेख ना दुरुस्तीचा. सहा महिने गिऱ्हाईक निम्मं. ते दारावर लावायचं असतं तर आम्ही बंदच केलं असतं.

टोरांटोचा_इंदूरी
ताई, तुमच्या वडिलांवर अन्याय झाला तो निकाल उघड केल्यामुळे नाही, अर्धाच उघड झाल्यामुळे. दोन दिवसांनी परत तपासणी होऊन हिरवं कार्ड लागलं असतं तर फोटोला कोणी विचारलं नसतं. आता तो फोटो कायमचा आणि सुधारणा कोणालाच माहीत नाही.

खानावळवाल्याची_लेक
हं. परत तपासणी वेळेवर होणार असेल तर मान्य आहे. आमच्याकडे दुसऱ्यांदा कोणी फिरकलंच नाही, हेच तर दुखणं होतं.

घरगुती_डबा
मी घरून डबे देते, मलाही रजिस्ट्रेशन करायचंय, कोणी सांगेल का फोटो कसले लागतात? भाड्याचं घर असेल तर घरमालकाची एनओसी लागते का?

मुंजीची_गडबड
डबावाल्या ताई, प्लीज वेगळा धागा काढा ना.
बिल मिळालं. नंबर इतका फिकट छापलाय की खिडकीशी धरून मोबाइलचा टॉर्च मारून वाचावा लागला. १४ आकडे आहेत, १ ने सुरू होतात. टाकला तर हॉटेलचं नाव बरोबर, परवाना चालू, पण पत्ता भलताच! शहरातल्या त्यांच्या जुन्या दुकानाचा. आमचा हॉल बायपासकडच्या नवीन जागेत आहे. हे चालतं का?

राजेंद्रनगरकर
नाही चालत. परवाना जागेचा असतो, मालकाचा नाही. प्रत्येक जागेला वेगळा. हॉलमध्ये जांभळा बोर्ड बघितलात का? हॉटेलांसाठी एफएसएसएआयचा बोर्ड जांभळा असतो, दर्शनी भागात लावायचा असतो आणि त्यावर नंबर असतो. तो वाचून या.

कढीपत्ता
आरटीआय टाका ना आणि त्यात 'जीवित आणि स्वातंत्र्य' लिहा, ४८ तासांत उत्तर द्यावंच लागतं. माझ्या मावसभावाने लिहिलं होतं.

राजेंद्रनगरकर
ते कलम अशा कामाला लावलं तर अर्ज साध्या अर्जासारखाच धरतात. कोणाच्या जिवावर बेतलंय हे दाखवावं लागतं, मुंजीचं जेवण त्यात बसत नाही.

कढीपत्ता
विषबाधा झाली तर जिवावर बेतणारच ना? लिहायला काय जातं, १० रुपयेच तर जाणार.

जुना_केमिस्ट
लिहा, पण त्यावर विसंबू नका, ३० दिवस धरून चाला. अर्जात 'पास की नापास' असं विचारू नका, ऑफिस मत देत नाही, कागद देतं. अमुक तारखेच्या तपासणी अहवालाची प्रत, फूड सेफ्टी कायद्याच्या कलम ३२ खाली सुधारणा नोटीस दिली असेल तर तिची प्रत, हॉटेलचं उत्तर, नमुने घेतले असतील तर ॲनालिस्टचा रिपोर्ट, असं एकेक मागा. शेवटी 'फाइल समक्ष बघायची आहे' हे जरूर लिहा, तो हक्क कायद्यात आहे. चौकशी चालू आहे म्हणून नाकारलं तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत. नुसतं 'चौकशी चालू' म्हणणं पुरत नाही, माहितीने चौकशीला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय.

मुंजीची_गडबड
आज दुपारी स्वतः जाऊन आले. बोर्ड आहे. बिलिंग काउंटरच्या मागे, त्याच्यावर गणपतीचं कॅलेंडर टांगलेलं. मी कॅलेंडर उचलून बघितलं तर नंबर तोच, जुन्या दुकानाचा. मॅनेजर म्हणाला नवीन जागेचं प्रोसेसमध्ये आहे. किचन दाखवा म्हटलं तर 'साहेब नाहीत'. दार अर्धवट उघडं होतं, खाली फरशीवर दह्याच्या दोन पराती, झाकण नाही, आणि त्यावरून एक मुलगा ओल्या चपला घालून पलीकडे गेला. दुपारचे तीन, काय ऊन होतं ते सांगायला नको.
मला राग यायचं कारण आधी लिहिलं नाही, उगाच सहानुभूती नको होती. माझ्या सासऱ्यांचं गेल्या वर्षी किडनी ट्रान्सप्लांट झालंय. नातवाच्या मुंजीला मांडीवर घ्यायचं एवढीच त्यांची इच्छा आहे. आपल्याला एक दिवस पोट बिघडणं, त्यांना काय होईल मला विचार करवत नाही.

जुना_केमिस्ट
हे आधी सांगायला हवं होतं ताई. मग कागदाची वाट बघू नका. अहवाल दोन महिन्यांपूर्वीचा आहे, तुम्ही आज जे बघितलं ते आजचं आहे. दही, श्रीखंड, कोशिंबीर, कापलेली फळं, चटणी, न शिजवलेलं काही त्यांना त्या दिवशी कुठूनच देऊ नका, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. त्यांचं पान घरून गरम डब्यात न्या.

मांडवीकर
बडोद्याहून एक सांगतो, आमच्याकडे काही वर्षांपूर्वी किचनच्या दारावरच्या 'विनापरवानगी प्रवेश नाही' पाट्या काढायला लावल्या होत्या. तेव्हापासून मी आधी किचन बघतो मग टेबल. दाखवायला नाही म्हणाला की चहासुद्धा नाही. ॲडव्हान्स परत मागा.

खानावळवाल्याची_लेक
मी पण हेच म्हणेन. पराती जमिनीवर ठेवणं ही गरिबी नाही आणि अडचणही नाही, सवय आहे. आमच्याकडे बाबा चौरंगावर ठेवायचे.

लष्करवाला
आता तरी १८१ लावा!

राजेंद्रनगरकर
आता लावा, खरंच. आता तक्रारच आहे. विनापरवाना जागा, नंबर दुसऱ्या जागेचा, बोर्ड झाकलेला. बिलाचा आणि कॅलेंडरखालच्या बोर्डाचा फोटो जोडा. फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरही टाका.

मुंजीची_गडबड
लावलं काका, नंबर मिळाला तक्रारीचा. आरटीआयचा अर्जही मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात देऊन आले, पावती घेतली. बाबू म्हणाला 'इसका क्या करोगे मॅडम', मी म्हटलं वाचणार.
ॲडव्हान्सचं मालकाशी बोलणं झालं, तो १५ हजार परत द्यायला तयार आहे, १० 'हॉल के' म्हणून ठेवतोय. परवान्याचा विषय काढल्यावर आवाज खाली आला, उद्या परत जाणार.
मुंज आता घराजवळच्या मंगल कार्यालयात, आचारी राजेंद्रनगरचेच, ते आपल्या डोळ्यांसमोर रांधतात. श्रीखंड रद्द, गरम जिलेबी. १४० पानांसाठी मोठी पितळी पातेली आणि झाऱ्या भाड्याने कुठे मिळतील? रामबागेत एक दुकान होतं ते बंद दिसलं.

पोहेप्रेमी
ताई, पातेली माझ्या चुलतभावाकडे आहेत, चार मोठी, कल्हई नुकतीच केलीये. निरोप टाकतो. भाडं नको, कार्य आहे.