घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो

'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' असं वर एकांनी लिहिलंय, ते अंगमेहनत करणाऱ्यांना लावू नका. कोरडी, तापलेली कातडी ही बरेचदा घरात बसून तापलेल्या वृद्धांमधली खूण. काम करताना किंवा पळताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असतो. पाहायचं ते डोकं ठिकाणावर आहे का: असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं, झोकांड्या जाणं. काखेतल्या थर्मामीटरवर भिस्त नको, आतलं तापमान ४० अंशांच्या वर असताना तो बराच कमी दाखवू शकतो.

रुग्णवाहिका बोलवाच, पण थंड करणं तिच्यासाठी थांबवू नका. जाड कपडे काढून गळ्यापर्यंत गार पाण्याच्या टबात बसवा, मागून काखेत हात घालून धरून ठेवा म्हणजे तोंड पाण्याखाली जाणार नाही. टब नसेल तर सगळ्या अंगावर सतत पाणी ओतत पंख्याचा वारा द्या. काखेत-जांघेत नुसत्या बर्फाच्या पिशव्या ठेवून भागत नाही, तापमान फार हळू उतरतं. आणि पॅरासिटामॉल नको! हा ताप नव्हे. मेंदूने तापमान मुद्दाम वाढवलेलं नसतं, त्यामुळे गोळीला उतरवायला काही नसतंच, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर भार पडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.