मदत हवी आहे: क्लायंबर मुलाने मोबाइल टॉवरचं काम धरावं का? (पुणे)

नमस्कार मंडळी. टॉवरवर रिगर (वर चढून अँटेना, केबल बसवणारा) म्हणून किंवा रोप ॲक्सेसमध्ये (दोरावर लटकून करायचं काम) प्रत्यक्ष काम केलेलं कोणी इथे असेल, तर सल्ला हवा आहे.

मी पुण्यात एका गिर्यारोहण संस्थेत नवीन मुलांना प्रस्तरारोहण शिकवतो. वेल्ह्याकडचा एक मुलगा आमच्याकडे आहे. तैलबैला, लिंगाणा लीड करतो, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढतो, उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, आणि अँकर (दोर ज्याला बांधतात तो आधार) असा लावतो की त्यावर कोणालाही निर्धास्त सोडावं. घरी थोडी भातशेती. वॉटरफॉल रॅपलिंगचा सीझन संपला की हाताला काम नाही. आता एका ठेकेदाराने त्याला मोबाइल टॉवरवर रिगर म्हणून बोलावलंय. पैसे साइटमागे, रोख. "दादा, जाऊ का?" म्हणून विचारतोय. दोर बांधायला त्याला मीच शिकवलं, तेव्हा "तुझं तू बघ" म्हणून मला मोकळं होता येणार नाही.

म्हणून परवा त्याच्याबरोबर वाघोलीच्या पुढे एका साइटवर जाऊन आलो. लोखंडी अँगलचा चार पायांचा टॉवर, काम साधारण चाळीस मीटरवर. वरच्या माणसाला फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचे पट्टे) होता, पण लॅनयार्ड (हार्नेसपासून हुकापर्यंतचा आखूड दोर) एकाच हुकाचा. हुक काढायचा, पुढचा अँगल चढायचा, मग पुन्हा लावायचा. मधल्या वेळात तो कशालाच बांधलेला नाही. शिवाय हुक बऱ्याचदा पायाच्या पातळीला. खाली एक जास्तीचा लॅनयार्ड पडला होता, तो हातात घेऊन बघितला: शॉक ॲब्सॉर्बरच्या (पडल्यावर हिसका कमी करणाऱ्या) पाकिटाची शिवण उसवलेली, लेबल उन्हाने पांढरं पडलेलं. सुपरवायझरला विचारलं, वर कोणाला भोवळ आली तर खाली कसं आणणार? तो म्हणाला, "फायर ब्रिगेडला फोन करायचा की." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं, हे आम्ही पोरांना पहिल्याच शिबिरात सांगतो.

दुसरी काळजी त्याच्या सवयीची. कड्यावर आपण डायनॅमिक रोपवर चढतो. पडलं तर दोर ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो. पडणं शिकण्याचा भागच असतो. टॉवरवर मात्र पडायचंच नसतं. तिथला लॅनयार्ड ताणला जात नाही, हिसका खायला फक्त ते शिवलेलं पाकीट. आमची पोरं सवयीने डेझी चेन नाहीतर स्लिंग (क्लायंबिंगच्या न ताणणाऱ्या पट्ट्या) अडकवतील आणि त्याच्या वर चढून जातील. तिथून पाय सुटला तर पूर्ण धक्का पाठीच्या कण्याला.

तर विचारायचं ते असं. क्लायंबिंगचं नेमकं काय या कामात उपयोगी पडतं आणि काय आडवं येतं? हो म्हणण्याआधी ठेकेदाराकडून काय काय मागून घ्यावं? आणि उंचीवरच्याच कामात यापेक्षा बरा रस्ता आहे का? पुण्याच्या आसपासचा असेल तर उत्तम, कारण घरी आई एकटी आहे.

प्रतिसाद १

मी आधी डोंगरातला, आता बरीच वर्षं रिगर. तुमच्या मुलाला चढणं जड जाणार नाही, पण चढणं हा कामाचा लहानसा भाग. वर पोचलं की कंबरपट्ट्यावर मागे रेलून तासन् तास पाना चालवायचा असतो. अँटेनाची दिशा कंपासने लावायची, टिल्ट (तिचा कल) मोजायचा, केबलच्या जोडांत पावसाचं पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळायची, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. अँटेना कप्पीने वर घेताना ती टॉवरवर आपटू नये म्हणून खालून दुसरा दोर ताणून धरतात. गाठी आणि कप्पीचं गणित येणारा माणूस इथे सोन्यासारखा.

आडवी येते ती भीड चेपलेली. "दोन पावलांसाठी कशाला हुक?" हे मी चांगल्या चांगल्या क्लायंबर पोरांच्या तोंडून ऐकलंय. दोन हुकांचा लॅनयार्ड हवाच: एक लावल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. हुक मोठ्या तोंडाचे हवेत, क्लायंबिंगची कडी (कॅराबिनर) अँगलवर बसतच नाही. शक्यतो डोक्याच्या वर लावायचे. हार्नेसवर आयएस ३५२१ किंवा ईएन ३६१ हा सुरक्षा मानकाचा क्रमांक बघा. क्लायंबिंगचा सिट हार्नेस (फक्त कंबर आणि मांड्यांचा) चालणार नाही. अँगलच्या धारेवर दोर घासला की कापला जातो, म्हणून धारेला पॅड लागतोच.

चालू अँटेनासमोर उभं राहायचं नाही. तो सेक्टर (त्या दिशेचा अँटेना) बंद केल्याचा मेसेज हातात आल्यावरच पुढे जायचं. वळवाच्या दिवसांत दुपारी गडगडायला लागलं की साइट अर्धी टाकून उतरायचं, ठेकेदार कितीही ओरडो. आणि चढण्याआधी खालून आग्यामोहोळ शोधायचं. वर माश्या उठल्या तर पळायला जागा नसते.

तुम्ही पाहिलेल्या साइटवर मी माझ्या भावाला पाठवला नसता.

प्रतिसाद २

साइटमागे रोख म्हणजे अपघात झाल्यावर "हा आमचा माणूसच नाही" म्हणायची सोय. आधी नेमणूकपत्र मागा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा) नंबर मागा. स्वतःची अपघात विमा पॉलिसी घेतली तर फॉर्मवर व्यवसाय खरा लिहा, उंचीवरचं काम लपवलं की क्लेम नाकारतात.

बरा रस्ता म्हणाल तर इराटा (रोप ॲक्सेसची आंतरराष्ट्रीय संघटना) लेव्हल वन. चार दिवस ट्रेनिंग, पाचव्या दिवशी परीक्षा, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. एक कामाचा दोर, एक बॅकअपचा, दोन्हींचे अँकर वेगळे, आणि लटकलेल्या सोबत्याला खाली आणण्याचा सराव पहिल्याच लेव्हलला. जुमारिंग (दोरावर पकड सरकवत वर चढणं) येणाऱ्या मुलाला हे लवकर जमतं. बारा महिने आणि हजार तास लॉगबुकात भरले की लेव्हल टू देता येते. मग काचेच्या इमारती, कारखान्यांच्या चिमण्या, पवनचक्क्यांची पाती अशी कामं मिळतात. पवनचक्क्यांसाठी बऱ्याच कंपन्या जीडब्ल्यूओचं (पवनऊर्जा कंपन्यांची जागतिक संघटना) ट्रेनिंगही मागतात. साताऱ्याचं वनकुसवडे, चाळकेवाडी तुम्हाला लांब नाही. फी मात्र डोळे पांढरे करणारी असते, तीच मुख्य अडचण.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवले. काल आम्ही दोघांनी मिळून ठेकेदाराला लिहिलं: नेमणूकपत्र, ईएसआयसी, दोन हुकांचा लॅनयार्ड आणि साइटवर रेस्क्यू किट व ते वापरता येणारा माणूस. हे मिळेपर्यंत तो चढणार नाही. संस्थेतले जुने सभासद लेव्हल वनच्या फीचा निम्मा भार उचलायला तयार झालेत, उरलेले तो हप्त्यांनी फेडेल. पुणे-मुंबई पट्ट्यात हा कोर्स कोणी नुकताच केला असेल, तर फी किती पडली आणि नंतर पहिलं काम मिळायला किती वेळ लागला, ते कृपया इथेच लिहा.