माजी विद्यार्थी संघ : कोण कुठं पोचलं याची नोंद तुम्ही कशी ठेवता?

चिंचेखालचा_बाक

नमस्कार मंडळी. आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या दहावीच्या बॅचचं गेल्या दिवाळीत गेट-टुगेदर झालं आणि तिथंच ठरलं की सगळ्या बॅचेसचा मिळून एक माजी विद्यार्थी संघ काढायचा. संघ निघाला (रजिस्टर अजून नाही) आणि माझ्या वाट्याला काम आलं ते 'यशस्वी माजी विद्यार्थ्यां'ची यादी करायचं, कारण हॉलमध्ये मोठा बोर्ड लावायचाय आणि २६ जानेवारीला सत्कार ठेवायचाय.

यादी दोन दिवसांत झाली. डॉक्टर, पुण्यातले आयटीवाले, अमेरिकेतले दोघं, एक तहसीलदार. इतक्या पटकन झाली याचंच मला नंतर वाईट वाटायला लागलं, कारण ही सगळी व्हॉट्सॲप ग्रुपवरची मंडळी, जी तिथं नाहीत ती यादीतही नाहीत. मग मी शाळेच्या ऑफिसात जाऊन क्लार्क भाऊंकडून जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या सगळ्या मुलांची नोंदवही) मागून घेतलं आणि आमच्या वर्षाची पानं काढून बसलो. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुली कुठं आहेत हे कुणालाच माहीत नाही, लग्न झालं, आडनाव बदललं, संपला विषय. एक जण प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि करोनात महिनोन् महिने घरी न जाता राहिली होती, हे मला तिच्या भावाकडून कळलं. माझ्या शेजारी बसणारा एक जण दहावी नापास झाला, आज आसपासच्या पाच गावांतल्या विहिरीवरच्या मोटारी तोच वाइंडिंग करून देतो आणि भर उन्हाळ्यात पीक वाळायला लागलं की लोक रात्री दोनला त्याच्याच दारात उभे असतात. हे बोर्डावर कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आमच्या वर्गात एक पैलवान होता, तालुक्यात नाव होतं त्याचं. अकरावीत तालीम सोडली. का सोडली ते आम्हाला आत्ता, इतक्या वर्षांनी गेट-टुगेदरला कळलं, घरात खुराकाचे पैसे उरले नव्हते. दूध-बदामापायी सुटली कुस्ती. चाळीस जणांच्या वर्गात एकालाही पत्ता नव्हता.

तर ज्यांच्या शाळेचे संघ नीट चाललेत त्यांनी सांगा, यश म्हणून काय धरता, दरवर्षी माहिती कशी मिळवता, आणि लोकांना फोन केला की 'वर्गणी मागायला आला' असं वाटतं त्याचं काय करता?

दादरकर_ताई

दादा, तुम्ही जनरल रजिस्टर उघडलंत तिथंच अर्धं काम झालं. आमच्या संघात आम्ही पहिली तीन वर्षं ग्रुपवरूनच यादी चालवली आणि तीच पंचवीस-तीस नावं फिरत राहिली. आता रजिस्टर हाच आधार धरलाय, प्रत्येक बॅचमागे दोन प्रतिनिधी, त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे, कारण मुलींचे पत्ते मुलींनाच लागतात, त्याही माहेरच्या घरून. फॉर्ममध्ये माहेरचं नाव आधी विचारा आणि आत्ताचं नंतर.

दुसरं म्हणजे 'तुमचं यश सांगा' असं कधीच विचारू नका. ज्याने खरंच काही केलंय तो गप्प बसतो. आम्ही विचारतो, 'तुमच्या वर्गातल्या कुणाबद्दल शाळेला कळायला हवं असं तुम्हाला वाटतं?' या एका प्रश्नाने आमची वही भरली. मात्र कळलेली गोष्ट त्या माणसाला स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय कुठेही टाकायची नाही. आम्ही एकाला पीएचडी मिळाल्याबद्दल जाहीर अभिनंदन करून बसलो होतो, त्याचं तेव्हा नुसतं रजिस्ट्रेशन झालेलं, बिचारा आठवडाभर लोकांचे फोन उचलेना.

आणि बोर्ड एकदा रंगवून मोकळं होऊ नका. दादरच्याच शारदाश्रम शाळेचं उदाहरण घ्या. १९८८ च्या हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेतली सचिन आणि विनोद कांबळीची नाबाद ६६४ ची भागीदारी सगळ्यांना पाठ आहे, सचिन ३२६, कांबळी ३४९. पण पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा होता अमोल मुझुमदार, त्याचा नंबर आलाच नाही. पुढे मुंबईकडून पदार्पणातच २६० केल्या, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन्स काढल्या, तरी भारताकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. त्या काळात कुणी शाळेचा बोर्ड रंगवला असता तर 'भारतीय खेळाडू' या मथळ्याखाली त्याचं नाव आलं नसतं. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्या टीमचा कोच तोच होता. मी टीव्हीसमोर रडले त्या रात्री. माणसाचं काय कधी फळाला येईल ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही वर्षातून एकदा, मे महिन्यात, प्रत्येक नावासमोर काय नवीन ते विचारून घेतोच, गेल्या वर्षी रिकामं राहिलं असलं तरी.

कृष्णाकाठ

तुमच्या पैलवानाचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आपल्याच जिल्ह्यातलं आहे, तुम्हाला माहीत असेलच, पण संघाच्या मीटिंगमध्ये हे मोठ्यानं सांगा.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे, कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला कुस्तीत सहावे आले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला होता. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं तर परत पैशाचाच प्रश्न. गावोगाव वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! आपल्या विद्यार्थ्यासाठी! खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कराड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचं सगळे सांगतात, मला त्यानंतरचं जास्त मोठं वाटतं. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लावल्या, त्यातून पैसे उभे केले आणि सरांचं घर सोडवून दिलं.

आता बघा, खर्डेकर सर पदक मिळायची वाट बघत बसले असते तर सत्कार करायला पदकच नसतं. संघाचं काम त्या सात हजारांचं आहे, शालीचं नंतर. आणि नोंदीचं म्हणाल तर आपण सगळेच तिथं कमी पडलो, १९५५ ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं २०१० ला. जिवंतपणी कुणी घरी जाऊन विचारलं असतं तर.

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली, २०२४ ला पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला रायफलमध्ये, तेही ब्राँझच. या ७२ वर्षांत खुराकाअभावी, रायफलच्या गोळ्यांच्या पैशाअभावी किती पोरं तुमच्या पैलवानासारखी गप घरी बसली असतील याचा हिशोब कुठल्याच शाळेच्या वहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच की संघाने दोन वह्या ठेवाव्यात. एक बाहेर पडलेल्यांची, आणि दुसरी आत्ता आठवी-नववीत असलेल्यांची, कोण पळतंय, कोण गणितात पुढं आहे, कुणाच्या घरी काय अडलंय. पीटीचे सर आणि वर्गशिक्षक हे एका बैठकीत सांगतात, त्यांना विचारणारा कोणी नसतो.

निवृत्त_बाई

मी ३१ वर्षं शिकवलं, शेवटची सहा मुख्याध्यापिका होते. कृष्णाकाठ यांनी दुसऱ्या वहीचं लिहिलं ते अगदी मनातलं.

आमच्याकडे असाच बोर्ड होता. नववीतली एक मुलगी, ऊसतोड मजुराची, मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर उभी होती. मी विचारलं काय बघतेस गं, तर म्हणाली, बाई, यात आमच्यातलं कोणीच नाही का? मला उत्तर देता आलं नाही. त्या सुट्टीत मी रजिस्टर घेऊन शोधायला बसले आणि तिच्याच तांड्यावरची, सहा वर्षं आधी पास झालेली एक मुलगी निघाली, एसटीत कंडक्टर. तिला शाळेत बोलावलं, ती ड्युटीच्या खाकी कपड्यातच आली. त्या दिवशी पोरींनी तिला जे प्रश्न विचारले, तसे मी कुठल्याच मोठ्या पाहुण्याला विचारलेले ऐकले नाहीत. पगार किती, रात्रीच्या मुक्कामाला भीती वाटते का, फॉर्म कुठं भरलास, घरचे काय म्हणाले.

म्हणून तुमच्या नर्सला आणि मोटारवाल्याला आधी बोलवा. आणि नोंद करताना नुसतं पद लिहू नका, शाळेतलं काय उपयोगी पडलं तेही विचारून लिहा. शास्त्रज्ञ डॉ. माशेलकर गिरगावच्या युनियन हायस्कूलमधल्या भावे सरांबद्दल अजून सांगतात, सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला आणि एकाग्रता म्हणजे काय ते तिथं कळलं. ती गोष्ट त्यांनी सांगितली म्हणून आज भावे सर आपल्याला माहीत आहेत. तुमच्याही शाळेत असे सर असतील आणि आज ऐंशीच्या पुढे असतील, त्यांच्याकडे या महिन्यातच जा.

कागदपत्रं_नीट

थोडं रुक्ष पण लागेल. संघ रजिस्टर करून घ्या, कमीत कमी सात जण लागतात, सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि ट्रस्ट म्हणून १९५० च्या, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतं. त्यानंतर संघाच्या नावाचं खातं काढा, कुणाच्याही पर्सनल खात्यावर किंवा यूपीआयवर खुराकाचे पैसे घेऊ नका, पहिलं भांडण तिथंच होतं. अमेरिकेतल्या दोघांचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्यांची देणगी सरळ घेता येते, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) परवानगी लागते, त्यामुळे आधी विचारा. आणि दुसऱ्या वहीतल्या मुलांची घरची अडचण ग्रुपवर कधीही टाकायची नाही, ती वही शाळेच्या कपाटातच राहिली पाहिजे आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलाचं नाव कुणालाच द्यायचं नाही.

चिंचेखालचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार, बाईंचं उत्तर तर मी घरी वाचून दाखवलं. काल मीटिंग झाली. बोर्डाची ऑर्डर थांबवलीय. आमच्या बॅचच्या दोघी जणी माहेरच्या पत्त्यांवरून मुलींचा शोध घेणार आहेत, रजिस्टरच्या पानांवरून नावं उतरवायचं काम मी घेतलंय. आमचे गणिताचे सर ८३ वर्षांचे आहेत, रविवारी तिघं जण त्यांच्याकडे चाललोय. पैलवानाला मी स्वतः भेटून आलो, दुसऱ्या वहीतली खेळाची पानं तूच सांभाळ म्हटलं, तर आधी काही बोललाच नाही, मग म्हणाला सकाळी सहाला ग्राउंडवर येत जाईन, पोरं कशी पळतात ते बघितल्याशिवाय काय लिहू.

मोटारवाल्यालाही फोन केला होता, २६ जानेवारीला ये म्हणून. सत्काराला नाही म्हणाला. पण दहावीची परीक्षा झाली की ज्या पोरांना शिकायचंय त्यांना दुकानात पाठवा, वाइंडिंग शिकवतो, जेवण माझ्याकडे, असं म्हणाला. तेवढंच पहिल्या पानावर लिहिलंय सध्या.