'कथा'तला बाशू: फारुख शेखला आपण कमी लेखलं का?

गॅलरीतला_कठडा
सई परांजपेंचा 'कथा' (१९८३) परवा पुन्हा पाहिला. श. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावरचा. चाळीत राहणारा पापभिरू कारकून राजाराम जोशी म्हणजे नसीरुद्दीन शाह, समोरच्या संध्या सबनीसवर (दीप्ती नवल) मनातल्या मनात जीव टाकणारा. त्याच्याकडे जुना मित्र बाशू उतरतो, म्हणजे फारुख शेख. बघता बघता खोली, पैसे, चाळ आणि संध्या, सगळं बाशूचं होतं. वर राजारामच्याच कंपनीत साहेब होऊन बसतो!
सिनेमाचा विषय निघाला की सगळे नसीरबद्दल बोलतात. माझ्या मते सिनेमा फारुखने उचललाय. थापा मारताना त्याचा आवाज चढत नाही, डोळे मिचकावणं नाही, 'बघा मी कसा लबाड' असा प्रेक्षकांकडे टाकलेला कटाक्ष नाही. इतक्या गोडीत बोलतो की आपणही त्याला चहा पाजू.

पुणेरी_खवट
साफ असहमत. बाशूची भूमिका लिहितानाच टाळ्या घेणारी आहे, कोणीही भाव खाल्ला असता. अवघड काम राजारामचं. सतत हरणारा, पडतं घेणारा माणूस कंटाळवाणा न होऊ देणं खायचं काम नाही. त्याच वर्षी 'मासूम' आणि 'जाने भी दो यारो'ही आले, तीन वेगळी माणसं उभी केलीत नसीरने. फारुख प्रत्येक सिनेमात फारुखच.

दादरची_पोर
@पुणेरी_खवट, 'फारुख फारुखच'? 'गमन'मधला मुंबईत टॅक्सी चालवणारा, गावी बायको सोडून आलेला गुलाम आणि हा बाशू शेजारी ठेवून बघा. तेही लांबचं वाटत असेल तर सईंचाच 'चश्मे बद्दूर' (१९८१) घ्या. दीप्ती नवल चमको पावडर विकायला दारात येते तेव्हा सिद्धार्थची काय तारांबळ उडते! नायिका तीच, दिग्दर्शिका तीच, दोनच वर्षांनी हा माणूस तिच्यासमोर असा वावरतो की चाळ त्याच्या आजोबांनी बांधली असावी. चेहरा तोच, मेकअपची करामत नाही.

पुणेरी_खवट
म्हणजे श्रेय सईंचं. साध्यासरळ चेहऱ्याच्या माणसाला भामटा केलं, ही निवडीची हुशारी. अभिनयाची कशी?

गॅलरीतला_कठडा
निवड सईंची, मान्य. पण चेहरा आयता मिळाला तरी तो वापरावा लागतो राव. बाशू जरा जास्त चलाख दिसला असता तर चाळकरी बावळट ठरले असते आणि सिनेमा तिथेच कोसळला असता. ते फसतात आणि तरी मूर्ख वाटत नाहीत, ती फारुखची कमाई.

मुलुंडची_मावशी
मला मात्र हा सिनेमा निखळ विनोदी वाटतच नाही. पोरगी लग्नाची स्वप्नं बघतेय आणि हा पसार होतो. तिथे माझं हसू थांबतं. आमच्या चाळीतही असा एक होता, सगळ्यांचा लाडका, सगळ्यांचे पैसे बुडवून गेला. त्यामुळे फारुखने काम चांगलं केलंय म्हणूनच मला तो बघवत नाही. ही तक्रार समजा नाहीतर कौतुक.

पुणेरी_खवट
मावशींचा मुद्दा पटला, बाकी नाही. आणि 'कमी लेखलं' कसं? 'लाहोर'साठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय की.

दादरची_पोर
तो ५७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, म्हणजे 'गर्म हवा'पासून (१९७३) पस्तीसेक वर्षांनी! तोही सहायक म्हणून. २०१३च्या डिसेंबरात तो गेला, त्यानंतर सगळ्यांना अचानक तो थोर वाटू लागला. 'कथा'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण बाशूबद्दल कोणी चार ओळी लिहिलेल्या दाखवा.

पुणेरी_खवट
शोधतो. तोवर राजारामच.