मदत हवी आहे: ट्रान्सफर केस बदलायची आहे, तगडी कुठली बसेल?

चिखलवाट
सरळ मुद्द्यावर येतो. ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) चेन दुसऱ्यांदा गेली. फोर-लोमध्ये (चारही चाकं, मंद गिअर) चढावर लोड आला की 'कडाक' करून काहीतरी उडतं, सीटखाली कुणी हातोडा घालावा तसं. आधीची चेन बदलून आठ महिनेसुद्धा झाले नाहीत. या ॲल्युमिनियमच्या डब्यावर आता माझा विश्वास नाही. मजबूत केस कुठली टाकू आणि सोबत काय काय बदलावं लागेल? 'आधी सर्च करा' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार, केलंय. पुढच्या महिन्यात ट्रिप आहे, लवकर सांगा.

निवांत
गाडी?

गिअरखाना
गाडी, इंजिन, गिअरबॉक्स, लिफ्ट (गाडी किती उंच केली), टायर. एवढं तरी लिहा हो. इथे कुणी पंचांग घेऊन बसलेलं नाही.

चिखलवाट
जीपची टीजे रँग्लर. प्रोफाइलला फोटो आहे की. केस एनपी २३१. लिफ्ट ३ इंच, टायर ३३.

जुनं लोखंड
डाना ३०० केस टाका आणि विषय संपवा. ओतीव लोखंडाची बॉडी, आत चेन नावाची भानगडच नाही, गिअरला गिअर. १९८० ते ८६ च्या सीजे जीपमध्ये यायची. माझी अजून तीच आहे, दोनदा सील बदलले, बाकी पाना लावलेला नाही.

गिअरखाना
काका, डाना ३०० चं पुढचं आउटपुट उजवीकडे आणि टीजेचा पुढचा डिफ (ॲक्सलमधला डिफरन्शियल) डावीकडे. शाफ्ट काय इंजिनखालून तिरका नेणार?

जुनं लोखंड
केस उलटी करून बसवतात. त्याचं किट येतं. माहिती नसेल तर विचारावं.

गिअरखाना
माहिती आहे. उलटी केली की वंगण कुठवर पोचतं ते बघा, लिव्हर नव्याने बनवा, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी बदला. होतं सगळं, पण 'पुढच्या महिन्यात' होत नाही. आणि चेन उगाच बदनाम आहे. रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलची एनपी २४१ पण चेनचीच, तरी ती तगडी म्हणून सगळे तिच्या मागे.

चिखलवाट
तीच सांगा ना मग. २४१ सरळ बसते का?

गिअरखाना
गिअरबॉक्स कुठला, हे तिसऱ्यांदा विचारतोय.

चिखलवाट
दुसऱ्यांदा. एएक्स-५. चार सिलिंडर, २.५ लिटर.

गिअरखाना
मग सरळ नाही बसत. एएक्स-५ च्या शाफ्टला २१ स्प्लाइन (खाचा), रुबिकॉनच्या केसचं इनपुट २३ चं. इनपुट गिअर बदलावा लागेल.

कायदेपंडित
शीर्षक वाचून मला वाटलं खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करायचा आहे. 'तगडी केस' वाचल्यावर तर खात्रीच झाली. चालू द्या.

हवा भरा
३३ च्या टायरमध्ये हवा किती ठेवता? चढावर कमी केली तर पकड वाढते. मी तर व्हॉल्व्ह काढायचं छोटं यंत्रच जवळ ठेवतो.

चिखलवाट
@हवा भरा, पकडीचा प्रॉब्लेम नाहीये. चेन तुटते आहे.

तेलकट हात
३ इंच लिफ्ट केल्यावर स्लिप योक एलिमिनेटर (सरकत्या जोडाऐवजी पक्का जोड) टाकला का? नाहीतर मागचा शाफ्ट केसच्या शेपटातून अर्धा बाहेर येतो, कंप होतो, तेल गळतं. केस कुठलीही असो, आधी ते करा.

चिखलवाट
टाकलाय. कंप नाही, गळती नाही. एटीएफ (केसमधलं तेल) दर सहा महिन्यांनी बदलतो. शेवटचं काढलं तेव्हा करडं होतं, नटाच्या चुंबकाला चंदेरी लगदा.

वाकडा शाफ्ट
२४१ घेत असाल तर एक लक्षात ठेवा. २३१ चा लो (मंद गिअरचं प्रमाण) २.७२, त्या केसचा ४. म्हणजे पुढे जाणारा टॉर्क जवळजवळ दीडपट. केस वाचेल आणि मागचा डाना ३५ चा ॲक्सल-शाफ्ट चुरमुऱ्यासारखा तुटेल. सगळ्यात नाजूक दुवा तोच.

चिखलवाट
डाना ३५ कधीच काढला. मागे डाना ४४ आहे. सेकंडहँड पूर्ण हाउसिंग (डिफसकट ॲक्सल) मिळालं होतं, तसंच्या तसं बसवलं. त्यामुळे मागची काळजी नको, फक्त केस सांगा.

वाकडा शाफ्ट
थांबा. हे हाउसिंग कधी टाकलं? पहिली चेन कधी गेली?

चिखलवाट
हाउसिंग दहा महिन्यांपूर्वी. पहिली चेन त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. त्याचा काय संबंध?

जुनं लोखंड
संबंध काही नाही. चेन ती चेनच.

वाकडा शाफ्ट
दोन प्रश्न. फोरमधून काढताना लिव्हर अडकतो का, आणि थोडं रिव्हर्स घेतल्यावर सुटतो का? आणि स्पीडोमीटर बरोबर दाखवतो का?

चिखलवाट
लिव्हर अडकतो, हो. रिव्हर्स घेतला की सुटतो. सगळ्यांचाच अडकतो ना? स्पीडोमीटर कमी दाखवतो, पण ३३ टायर आहेत म्हटल्यावर दाखवणारच.

वाकडा शाफ्ट
टायर एक कारण. दुसरं मला वाटतं ते असं. चार सिलिंडरच्या टीजेला क्राऊन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) ४.१० चं येतं. डाना ४४ बहुतेक सहा सिलिंडरवाल्यांकडून येतो, त्यात ३.७३. २३१ ला मध्ये डिफ नाही, फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूपबंद. चाकाच्या एका फेऱ्याला पुढच्या शाफ्टला ४.१० फेरे हवेत, मागच्याला ३.७३. दर फेऱ्याला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओढाताण. चिखलात चाक घसरून ती सुटते, खडकावर घसरत नाही. मग पुढचा शाफ्ट फिरवणारी एकच वस्तू मध्ये सापडते, ती चेन. तिथे अगदी डाना ३०० टाकली तरी चेनऐवजी दुसरं काहीतरी तुटेल.

तपासणं सोपं. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर टू-हायला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर (न्यूट्रलला नको, त्यात पुढचं-मागचं जोडलेलंच राहतं). बाकी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. एक चाक उचला, शाफ्टवर खडूची रेघ मारा, चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. मागे लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकं धरून ठेवणारा डिफ) असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा.

गिअरखाना
किंवा डिफच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असते, राहिली असेल तर. तिच्यावर दातांचे आकडे असतात.

हवा भरा
पुढच्या-मागच्या टायरमध्ये हवा वेगळी असली तरी हेच होतं बरं का.

गिअरखाना
हवेने दहा टक्के फरक पडत नाही हो.

चिखलवाट
आत्ता खालीच होतो. वायर ब्रशने पट्ट्या घासल्या. पुढे ४१-१०. मागे ४१-११.

पिनियनला एक दात जादा. एका दातासाठी दोन चेन.

आता पुढचं ३.७३ करू की मागचं ४.१०? आणि केस राहूच दे का?

वाकडा शाफ्ट
केस राहू दे, पण उघडून बॉडी आतून बघा, सैल चेन भिंतीला घासते. क्राऊनचं म्हणाल तर पुढचं ३.७३ करणं सोपं, त्याच कॅरिअरवर (क्राऊन धरणारा भाग) बसतं. पण २.५ चं इंजिन ३३ वर ओढताना रडेल. मागचं ४.१० करायचं तर डाना ४४ ला कॅरिअर बदलावा लागेल, ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरा. ३३ वर मी दोन्हीकडे ४.८८ केलं असतं, पण ते महिन्यात होणार नाही. ट्रिपपुरता जुना डाना ३५ परत लावा, नाहीतर फोरला हात लावू नका.

जुनं लोखंड
सगळं उघडतोच आहात तर डाना ३०० चा विचार करा.

चिखलवाट
डाना ३५ मित्राला दिला, त्याचा तुटला होता. त्याने बसवला, गाडी चालू आहे. त्याची टीजे सहा सिलिंडरची.

आधी त्याला फोन करतो.