सोडणे एकट्याच्या हातात नसते

‘लोकांना खासगीपणाची पर्वाच नाही, म्हणून ते जाहिराती सोसत व्हॉट्सॲपवरच राहतात’ हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या खासगीपणाविषयीच्या नव्या अटींची बातमी पसरताच सिग्नल या दुसऱ्या संदेशसेवेकडे एवढी गर्दी झाली की त्याच महिन्यात त्याची सेवा काही काळ ठप्प झाली होती. तेव्हा पर्वा नक्कीच होती. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा गटही तिकडे गेला, पण शाळेच्या सूचना, वाणसामानाची यादी आणि गावाकडचे नातेवाईक जुन्याच ठिकाणी राहिल्यामुळे हळूहळू सगळे परतले.

चर्चेत न आलेला मुद्दा असा की, जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता मोबाइल कंपनी बदलता येऊ लागली आणि कंपनी बदलली तरी कोणाशीही संपर्क तुटत नाही, कारण सर्व कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. संदेशसेवांना आपल्याकडे असे एकमेकांशी जोडून घेण्याचे बंधन नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने मात्र व्हॉट्सॲपला, मागणी करणाऱ्या इतर सेवांसाठी दार उघडणे भाग पाडले आहे, अर्थात जोडून घेऊ पाहणाऱ्या सेवेची तशी इच्छा असेल तरच.