दख्खनी मेंढीच्या लोकरीची प्रतवारी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या माण भागात घोंगडीसाठी मेंढपाळांकडून थेट लोकर घ्यायला सुरुवात केली आहे. सध्या सगळी लोकर एकाच भावाने, ढिगाने जाते, आणि ज्याचा माल चांगला त्यालाही तेवढेच पैसे मिळतात. हे मला पटत नाही. म्हणून प्रत ठरवून भाव द्यायचा आहे.

कोकराचं पहिलं जावळ तर वेगळंच ठेवतो, हाताला लगेच कळतं. अडचण मोठ्या मेंढीच्या लोकरीची. खांद्यावरची लोकर त्यातल्या त्यात बारीक आणि मांडीवरची राठ, एवढं दिसतं. पण मधल्या लोकरीत जाड, पांढुरके, ठिसूळ केस मिसळलेले असतात. ते पिळात नीट बसत नाहीत, घोंगडीतून वर येऊन टोचतात आणि रंगही धरत नाहीत. असे केस किती असले की माल खालच्या प्रतीत टाकायचा?

दुसरं, मेरिनो या परदेशी जातीच्या मेंढीची लोकर साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यात तंतूची जाडी मोजतात) आतली असते. आपली त्याहून बरीच जाड, तेव्हा ती मोजपट्टी इथे लावून उपयोग नाही. घोंगडीला जाडी चालते, पण लांबी आणि ताकद हवी. मी लोकरीच्या बटीची दोन टोकं धरून कानाजवळ झटका देतो. तडतड आवाज आला की ती कमजोर धरतो. विणकर मंडळी आणखी काय बघतात?

माती-काटे धरून वजन करावं की नमुना धुऊन, वाळवून? राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत कोणी नमुने तपासून घेतले असतील तर नमुना कसा काढला तेही सांगा. पावसाळ्यानंतरच्या कातरणीआधी हे ठरवायचं आहे.